सुपरवायझर लोकांसाठीचा सहा रविवारचा ‘टीम लीडर’ कोर्स : साडेसात हजार वसूल झाले का?

मागच्या वर्षी मावसभावाच्या लग्नाला पंढरपूरला गेलो होतो, दोनच दिवस, तर हळदीच्या दिवशी साइटवरनं 41 फोन. मी नाही मोजले, बायकोनं मोजले आणि चारचौघात सांगितले पण. सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक संपले, आता काय करू. टँकरवाला आलाय, पाणी कुठं सोडू. बीमच्या सळयांभोवतीच्या रिंगा किती अंतरावर बांधायच्या, आणि हे तर ड्रॉइंगवर लिहिलेलं, ड्रॉइंग ऑफिसच्या भिंतीला चिकटवलेलं, ऑफिस फोन करणाऱ्याच्या पाठीमागं. मला आतून जरा बरंच वाटत होतं खरं सांगायचं तर, की बघा माझ्यावाचून पान हलत नाही. परत आल्यावर आमच्या बिल्डर मालकांना तसं थोडं मिरवून सांगितलं तर ते म्हणाले, अरे मग तुला दुसरी साइट देऊ कशी, तू इथनं हलला की इथलं काम झोपतंय. म्हणजे पगार वाढायचा रस्ता मीच अडवून बसलेलो. त्या बोलण्यावरनं हा कोर्स केला.

आधीच सांगतो, क्लासचं नाव टाकणार नाही. पुढं तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी भांडण नको. सोलापुरातच आहे, बिल्डिंग लाइनमधल्या कुणालाही विचारलं तर दोन-तीन नावं सांगतील, त्यातला एक समजा. अशा कोर्समध्ये काय मिळतं, काय नाही आणि आपल्यासारख्या माणसानं साडेसात हजार घालावेत का, एवढंच लिहितो. मी अकरा वर्षं साइटवर आहे, आधी स्टोअर, मग सुपरवायझर, सध्या जुळे सोलापूरकडं पार्किंग प्लस तीन मजल्याचं काम चालू आहे, माणसं कमीजास्त होतात पण सरासरी 23 धरा.

कोर्स सहा रविवार, सकाळी 10 ते 4, जेवण आपलं आपण. मी घरनं कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही नेत होतो, तिसऱ्या रविवारपासनं अर्धा वर्ग माझ्या डब्यावर. बॅचला आम्ही चौदा जण. दोघं-तिघं डिप्लोमा करून नुकतेच लागलेले, बाकी माझ्यासारखे रगडलेले. एकजण कुंभारीच्या रे नगरला काम केलेला होता, ती 30,000 घरांची योजना, 19 जानेवारी 2024 ला त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या पंतप्रधानांच्या हातनं दिल्या ती. तो सांगत होता की तिकडं एकच घर परत परत बांधायचं असल्यावर गँग आपोआप तयार होते, सांगावं लागत नाही, हात बोलतात. आमच्याकडं उलटं, एका प्लॉटवर एक बिल्डिंग, तोवर हात बसतो न बसतो तोवर काम संपलं. हा फरक डोक्यात ठेवा, कारण कोर्सची सगळी गोची इथंच आहे.

पहिला रविवार फुकट गेला असं म्हणलं तरी चालेल. एक सूटबूटवाले ट्रेनर होते, साइटवर कधी गेले असतील असं बुटावरनं वाटत नव्हतं. स्क्रीनवर सगळं इंग्लिश आणि ते तेच वाचून दाखवायचे. टकमन म्हणून एकानं 1965 साली सांगितलंय की टीम चार टप्प्यांतनं जाते, आधी माणसं जमतात, मग भांडतात, मग एकमेकांची सवय होते, मग काम पळायला लागतं. ऐकायला पटतं. पण मी हात वर करून विचारलं, सर आमची गँग भांडून भांडून सवय होईपर्यंत जून उजाडतो, पाऊस पडला की निम्मे पेरणीला गावी, दिवाळी झाली की काही कुटुंबं ऊसतोडीला, जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला चार दिवस कोण येत नाही, आणि बिहारची पोरं छठला गेली की परत तीच येतील का त्यांचे चुलतभाऊ येतील ते देव जाणे, तर आमची टीम कायम पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच असते, त्याचं काय. सर म्हणाले, चांगला प्रश्न आहे, ब्रेकनंतर घेऊ. ब्रेकनंतर पुढची स्लाइड.

आणि ते पुस्तक. स्पायरल बाइंडिंग केलेलं, वरती क्लासचा लोगो, आत सगळं इंग्लंडमधलं जसंच्या तसं. थंडीत आणि ओल्यात काम करताना टीमला गरम कपडे आणि गरम पेय मिळतंय का बघा असं एक अख्खं पान. एप्रिल महिना, बाहेर 42, आणि आम्ही गरम कपड्यांचं वाचतोय. दुसऱ्या एका पानावर प्रत्येक कामगाराचं सीएससीएस कार्ड तपासा असं. आमच्यातल्या एकानं ते काय असतं विचारलं तर सरांनी ‘तसं आपल्याकडं आधार’ असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते तिकडचं बांधकाम कामगारांचं स्किल कार्ड आहे, मी रात्री मोबाईलवर बघितलं. साडेसात हजार घेता तर एवढी दोन पानं तरी फाडा की ओ.

मी दुसऱ्या रविवारी जाणारच नव्हतो. बायको म्हणाली पैसे भरलेत, जा. गेलो आणि बरं झालं, कारण त्या दिवशी दुसरे सर आले. रिटायर साइट इंजिनिअर, साठीच्या पुढचे, पायात सँडल, बोटांना अजून सिमेंट खाल्लेलं दिसत होतं. पुढचे चार रविवार त्यांनीच घेतले. हा रिव्ह्यू म्हणजे खरंतर त्या चार रविवारांचाच आहे.

आल्या आल्या त्यांनी खुर्च्या बाजूला करायला लावल्या आणि नाटक बसवलं. मला बिगारी केलं. डिप्लोमावाल्या एका पोराला, असेल बावीस-तेवीसचा, सुपरवायझर केलं, आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मला एक काम दिलं, कोपऱ्यातले बाकडे ‘व्यवस्थित’ लाव. बास, एवढंच. मी लावले. तो पोरगा आला आणि सगळ्यांसमोर सुरू झाला, अक्कल आहे का, असं लावतात का, अकरा वर्षं काय केलंस. मला माहीत होतं की नाटक आहे, तरी कान तापले माझे. मी म्हणलं कसे लावायचे ते सांगा की. तर तो, तेवढं कळत नाही का. सरांनी थांबवलं आणि मला विचारलं, आता काय करावंसं वाटतंय. मी खरं ते सांगितलं, बाकडा तिथंच टाकून घरी जावंसं वाटतंय. सगळे हसले. मी पण हसलो, पण परत येताना स्कूटरवर असताना आठवायला लागलं की हे शब्द माझेच आहेत. ‘तेवढं कळत नाही का’ हे मी दिवसातनं किती वेळा म्हणतो. कॉलमला हनीकोंब आलं, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या राहिल्या, की गवंड्याला झापायचं, काँक्रीट हलवून बसवायचा व्हायब्रेटर कुठं किती वेळ धरायचा हे त्याला कुणी कधी दाखवलंय का हे विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं.

मग त्यांनी तक्ता दिला. नावाला स्किल मॅट्रिक्स, प्रकार एकदम साधा. उभ्या ओळीत माणसं, आडव्या ओळीत कामं, आणि प्रत्येक चौकटीत गोल. रिकामा गोल म्हणजे येत नाही, अर्धा भरला म्हणजे कुणी सोबत असलं तर येतं, पूर्ण भरला म्हणजे एकट्यावर सोडता येतं. आणि त्यांनी चौथा एक प्रकार स्वतःचा घातला होता, गोलाला शेपूट, म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. मी हा तक्ता साइटवर सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, एका बाद प्लायवर खडूनं काढला. लेव्हल काढणं, ओळंबा लावणं, रिंगा बनवणं, ड्रॉइंग वाचणं, क्युरिंग म्हणजे काँक्रीटला पाणी मारणं, चलन म्हणजे मालासोबतची पावती बघून माल मोजून घेणं, मिक्सर, व्हायब्रेटर. भरत गेलो तर ड्रॉइंग वाचण्याच्या रकान्यात वरपासनं खालपर्यंत रिकामे गोल आणि एकच भरलेला, माझा. 41 फोन कुठनं आले ते त्या प्लायवर दिसत होतं.

सरांचं म्हणणं, एका कामाला दोन भरलेले गोल पाहिजेतच, एक आजारी पडला तर दुसरा. सगळ्यांना सगळं शिकवायला जाऊ नका, आधी जिथं एकच गोल आहे तिथनं सुरू करा.

मी स्टीलबांधणीच्या गँगमधल्या एका पोरापासनं सुरू केलं. वीस-एकवीसचा, बिहारचा, बोलायला कमी, हात लई साफ. त्याला ड्रॉइंगमधलं बार शेड्यूल, म्हणजे सळयांची यादी, वाचायला शिकवायचं ठरवलं, पहिल्यांदा सळईच्या वजनाचा हिशोब. सूत्र सोपं, व्यासाचा वर्ग भागिले 162, उत्तर मीटरला किलोमध्ये. बारा एमएमला 144 भागिले 162, म्हणजे 0.888. एक सळई बारा मीटरची, म्हणजे साधारण 10.66 किलो. मी हे सगळं पाटीवर लिहून मोठ्या तोऱ्यात विचारलं, समझा क्या. तो म्हणाला, साहब ये तो पता है, साढ़े दस-पौने ग्यारह. कैसे पता? त्यानं खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षं खांद्यावर सळया वाहून त्याला वजन पाठ होतं, फक्त ते कागदावर कसं येतं ते माहीत नव्हतं. मग मी आठ एमएम विचारलं, त्यानं खांद्यानं सांगितलं, पोरानं स्वतः मोबाईलवर करून बघितलं, 0.395 गुणिले बारा, पावणेपाचच्या आसपास, जुळलं. असा हसला की काय सांगू. आठवडाभर मग साइटवर दिसेल त्या सळईचं वजन काढत होता. आता ट्रक आला की चलनावरचे नग आणि वजन तोच ताडून बघतो, आणि एकदा फरक पण काढला, तेवढ्यात त्या दिवसाचं माझं काम झालं.

रिंगेच्या हुकाची गोष्ट पण त्याच्यामुळंच. ड्रॉइंगवर हुक 135 अंशात लिहिलेला, आमचे जुने मिस्त्री 90 वर सोडायचे कारण पटापट होतं. मी आजवर फक्त ओरडायचो. सरांनी वर्गात कागदाच्या पट्टीचा चौकोन करून दाखवला, आतनं बोट दाबलं की 90 चा हुक उघडतो आणि आत वळलेला काँक्रीटला धरून राहतो, भूकंपात कॉलमवरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, निघून गेला तरी. मी तसंच कागद घेऊन मिस्त्रींना दाखवलं. मिस्त्री म्हणाले, किल्लारीला पडली ती दगड-मातीची घरं, आपलं आरसीसी आहे. बरोबर आहे त्यांचं, 30 सप्टेंबर 1993 ला पडली ती बरीचशी तशीच घरं होती. पण त्या पहाटे सोलापुरात पण आपण सगळे अंगणात पळालो होतो ना काका, असं म्हणल्यावर ते गप्प झाले, मग म्हणाले मी तेव्हा विसेक वर्षांचा होतो, म्हातारीला उचलून बाहेर आणली. त्या दिवसापासनं हुक आत वळतात. आणि गंमत म्हणजे आता ते त्या पोराला ओरडतात.

टूलबॉक्स टॉक हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, सकाळी काम सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं उभं राहून बोलायचं. आमच्याकडं पण व्हायचं, म्हणजे मी बोलायचो, हेल्मेट घाला, चपला घालून वर जाऊ नका, चला कामाला. सरांनी सांगितलं एक महिना तुम्ही बोलायचंच नाही, रोज वेगळ्यानं बोलायचं, तुम्ही फक्त विचारायचं की काल काय अवघड गेलं. मला वाटलं हे काय चालणार आपल्यात. पहिले तीन दिवस कोण बोलेना. मिस्त्री मराठी, सेंट्रिंगवाले इंडीकडचे कानडी, बायका शहराच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू, पोरं हिंदी, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतायत. चौथ्या दिवशी एक अक्का, आमच्याकडं सुरुवातीपासनं माल वाहायला आहेत, पन्नाशीच्या असतील, त्या म्हणाल्या, त्या फळीची पट्टी निघालीय.

कुठली फळी? पहिल्या मजल्यावर चढायला जो उतार केलाय, लाकडी फळ्या आणि पाय घसरू नये म्हणून आडव्या ठोकलेल्या पट्ट्या, त्यातली वरनं तिसरी पट्टी नव्हती. मी बघितलं. नव्हती खरंच. दोन खिळे नुसते वर आलेले. म्हणलं कधीपासनं? म्हणाल्या, संक्रांतीच्या आधीपासनं. एप्रिल चालू होता. तीन महिने त्या डोक्यावर घमेलं घेऊन तेवढी एक पायरी अंदाजानं लांब टाकत होत्या, दिवसाला शंभरदा तरी. मी त्याच उतारावरनं रोज चढायचो, माझ्या बुटाला कळलंच नाही. सांगितलं का नाही म्हणलं तर, विचारलं कुठं कुणी. पाच मिनिटात पट्टी ठोकली. त्याचा खर्च दोन खिळे.

या एका गोष्टीसाठी माझ्या हिशोबानं अर्धी फी सुटली.

काम सोपवण्याचा विषय तिसऱ्या-चौथ्या रविवारी झाला. इथं सरांनी एक वाक्य फळ्यावर लिहिलं की काम देताना काय, कधीपर्यंत, झालं हे कसं कळणार आणि अडलं तर कुणाला विचारायचं, ह्या चार गोष्टी सांगितल्या नाहीत तर तुम्ही काम दिलेलं नाही, ढकललेलं आहे. मी क्युरिंगवर करून बघितलं. आमच्याकडं वॉचमन कुटुंब साइटवरच राहतं, पाणी मारायचं काम वहिनींकडं, पण ‘पाणी मारा’ एवढंच सांगितलेलं. आता एक शंभर पानी वही दिली, त्यात स्लॅबची तारीख आणि कधीपर्यंत पाणी. आपण पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट वापरतो त्यामुळं निदान दहा दिवस, साध्या ओपीसीला सात, हे आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकातच आहे. वहिनींना लिहिता येतं, सातवी झाल्यात, मला ते पण दोन वर्षांत माहीत नव्हतं. महापालिकेचं पाणी काही रोज येत नाही, टँकर कधी सांगायचा हे पण त्याच ठरवतात आता, मला फक्त आकडा कळवतात. आणि स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून पाणी धरायचं त्यांनीच सुचवलं, उडून जातं म्हणाल्या नुसतं मारलेलं.

सेंट्रिंग खोलायचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. सरांनी तक्ता दिला होता, बीमच्या बाजू-कॉलमचे पत्रे 16 ते 24 तासांनी, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्यापेक्षा मोठ्याला चौदा, सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली चौदा आणि त्याच्या वर एकवीस. मी तो लॅमिनेट करून लावला. सेंट्रिंगचे मुकादम अण्णा म्हणतात माझं मटेरियल एकवीस दिवस तुमच्याकडं अडकलं तर मी दुसरीकडं काय लावू. त्यांचं पोटपाण्याचं गणित आहे, त्याला ट्रेनिंगनं उत्तर नाही, त्याला भाडं वाढवून द्यायला लागतं. मालकांशी बोलतोय.

इथंच कोर्सचं खरं दुखणं. पाचव्या रविवारी ‘टीमला मोटिवेट कसं करावं’ हा विषय होता. कौतुक करा, वाढदिवस लक्षात ठेवा, महिन्याचा उत्तम कामगार निवडा. ठीक आहे, करतो. पण आमच्यातल्या एकानं विचारलं, बिल अडकल्यामुळं दोन आठवडे हप्ता दिला नाही तर काय कौतुक करू. बाजाराच्या दिवशी माणसाच्या हातात पैसे पडले की निम्मं मोटिवेशन तिथंच झालं, नाही पडले तर फुलांचा हार घातला तरी उद्या येणार नाही. आणि उचल, उचलीवर एक शब्द नाही सहा रविवारांत. गँग आणायची म्हणजे मुकादमाला उचल द्यायची, उचल फिटेपर्यंत ती माणसं त्याची असतात, तुमची नाहीत, मग टीम लीडर मी का मुकादम? माझं म्हणणं असं की सुपरवायझरच्या कोर्सला मुकादमांना पण बसवा, निम्म्या फीत बसवा, नाहीतर आम्ही शिकतो एक आणि ते करतात दुसरं. सरांना पटलं, ऑफिसमध्ये सांगतो म्हणाले. ते रिटायर माणूस, त्यांचं ऑफिसात किती चालतं ते दिसतंच होतं.

पण एक गोष्ट सरांनी पुस्तकाबाहेरची सांगितली ती सांगायलाच पाहिजे. टीमचं डेव्हलपमेंट म्हणजे फक्त तुमचं काम त्यांच्याकडनं चांगलं करून घेणं नव्हे म्हणाले, तुमच्या साइटवर किती जणांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे? वर्ग गप्प. राज्याचं इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे, 1996 च्या कायद्याखाली निघालेलं, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसतो तो त्याच्यासाठीच. वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे. हा 90 दिवसांचा दाखलाच अडतो, कारण हजेरी नीट नसते. मी सोमवारी हजेरी वही काढून बसलो तर सोळा जण बसत होते त्यात, नोंदणी होती चौघांची. हजेरी आता तारखेवार, पूर्ण नावानं लिहितो, आधी ‘काळा’, ‘लंबू’ असलीच नावं होती वहीत. बाकीच्यांचे कागद गोळा करणं चालू आहे, आधारवर जन्मतारीख चुकलेली निघते, नाव वेगळं निघतं, सोपं नाही.

स्वतःच्या बाबतीतलं थोडक्यात. शेवटी प्रत्येकानं आपला एक पानी प्लॅन लिहायचा होता, सहा महिन्यांत स्वतःत काय बदलणार. बऱ्याच जणांनी ‘कम्युनिकेशन सुधारणार’ असलं लिहिलं, सरांनी परत दिलं, म्हणाले सुधारलं हे मला कसं कळणार. मी तीन गोष्टी लिहिल्या: एक्सेलवर बार शेड्यूल स्वतः करणार, कानडी कामापुरतं बोलणार, आणि ‘तेवढं कळत नाही का’ म्हणणार नाही. एक्सेल जमलं, मुलीनं शिकवलं, तिची बोलणी खात. कानडीत ‘नीरू हाकू’, ‘निधान’, ‘सरी’ एवढ्यावर गाडी आहे, अण्णा हसतात पण खूश असतात. तिसरं अवघड आहे. स्लॅबच्या दिवशी तोंडातनं जातंच. तरी संध्याकाळी दहा मिनिटं डायरी लिहितो, आज कोणता प्रश्न मला उगाच विचारला गेला, तो उद्या कुणाला शिकवला तर परत येणार नाही. ही सवय सगळ्यात कामाची, आणि हिला कोर्सची गरज नाही, आजपासनं करा.

उन्हाळ्याचं पण सरांनी चांगलं घेतलं. हवा 40 च्या वर असेल तर काँक्रीटला वेगळी काळजी लागते, त्याला आयएस 7861 आहे, खडीवर सावली, पाणी थंड, स्लॅब पहाटे किंवा उन्हं कलल्यावर. आणि माणसांना पण तेच लागतं म्हणाले, खडीवर ताडपत्री टाकता आणि बिगारी उन्हात. आम्ही मे महिन्यात साडेसहाला सुरू करून साडेअकराला थांबायचो, परत चारला. माठ दोन वाढवले.

तर कुणी करावा? दोन-चार वर्षं साइट हाताळली असेल आणि सध्या साइट चालू असेल तर करा, कारण रविवारी ऐकलेलं सोमवारी करून बघता येतं, तिथंच ते कळतं. कॉलेजातनं आत्ताच बाहेर पडलेल्यांनी थांबा, तुमच्याकडं चुका नाहीत अजून, वर्गात काय सांगणार. आमच्यातले डिप्लोमावाले दोघं निम्मा वेळ मोबाईलवर होते आणि त्यांची चूक पण नाही. पैसे भरायच्या आधी शिकवणार कोण हे विचाराच, सूटवाले का सँडलवाले, आणि सहाच्या सहा दिवस तेच असतील का हे लिहून घ्या. मराठी नोट्स मागा. फी हप्त्यात घेतात, पण आपण मागितल्याशिवाय सांगत नाहीत. सहाव्या रविवारी निम्मा दिवस पुढच्या ‘अॅडव्हान्स’ कोर्सची जाहिरात होती, अठरा हजार, त्या दिवशी डबा खाऊन निघालात तरी चालेल.

माझ्याकडनं पाचात साडेतीन. सरांचे म्हणून चार, त्यातला अर्धा त्या पुस्तकाचा कापला. मे अखेरीस परत एका लग्नाला दोन दिवस बाहेर होतो, साइटवरनं सात फोन आले, त्यातले दोन मालकांचे होते. सर्टिफिकेट ‘पंधरा दिवसात’ म्हणाले होते, आता तीन महिने होत आले, परवा फोन केला तर मॅडम म्हणाल्या प्रिंटिंगला गेलंय. आलं की खाली सांगतो.